मूल टेबलावर असेपर्यंत चित्र हवं: लहान मुलांच्या एमआरआयचा एक प्रकरण अभ्यास

दोन वर्षांच्या मुलाला एमआरआयच्या बोगद्यात झोपवून "हलू नकोस" म्हणण्यात काही अर्थ नसतो. मोठ्या माणसाला श्वास रोखायला सांगता येतं, पंधरा-वीस सेकंद तो रोखतोही. मूल रडतं, पाय झाडतं, आईकडे झेपावतं. म्हणून इतक्या लहान मुलांचा पोटाचा किंवा हृदयाचा एमआरआय बहुधा भूल देऊनच काढतात. भूल दिलेलं मूल हातपाय हलवत नाही, पण श्वास चालूच असतो आणि श्वासाबरोबर यकृत, मूत्रपिंडं, आतडी वरखाली सरकत राहतात. चित्र स्वच्छ हवं असेल तर भूलतज्ज्ञाला श्वासनलिकेत नळी घालून, व्हेंटिलेटर काही सेकंद थांबवून तो श्वासही रोखून धरावा लागतो. एका तपासणीत हे अनेकदा करावं लागतं.

क्ष-किरण टाळायचे म्हणून सीटीऐवजी एमआरआय निवडायचा आणि एमआरआय संथ म्हणून भूल द्यायची, हा लहान मुलांच्या रेडिओलॉजीतला जुना पेच आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, डिसेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ भूल देण्याबाबत इशारा दिला. पण डॉक्टरांना आणि आईबापांना ही काळजी त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या ल्युसिल पॅकार्ड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये साधारण २००९ च्या सुमाराला या पेचावर जे काम झालं, ते हे प्रकरण. स्टॅनफर्ड विद्यापीठ, बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि एमआरआय यंत्रं बनवणारी जीई हेल्थकेअर कंपनी असे तिघे त्यात होते. रुग्णालयाच्या बाजूने बालरेडिओलॉजिस्ट श्रेयस वासनवाला, गणित आणि एमआरआयच्या बाजूने मायकेल लस्टिग आणि जॉन पॉली, संगणकाच्या बाजूने बर्कलीचे मार्क मर्फी, कर्ट कॉइट्झर आणि जेम्स डेमेल.

या प्रकरणावर सविस्तर लिहावंसं वाटतं त्याला कारण आहे. वेगवान एमआरआयबद्दल बोलताना बहुतेक वेळा स्कॅन किती मिनिटांत झाला एवढंच सांगतात. पण यंत्राने माहिती गोळा केल्यावर तिच्यातून चित्र उभं करायलाही वेळ लागतो, आणि तो वेगळा मोजावा लागतो. या गटाने पहिला वेळ कमी केला तेव्हा दुसरा बेसुमार वाढला. तो आटोक्यात येईपर्यंत पहिल्या बचतीचा रुग्णालयाला उपयोग होणार नव्हता. माझ्या मते या कामातला खरा कस तिथे लागला, आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

स्कॅन संथ का असतो

एमआरआय यंत्र चित्र थेट टिपत नाही. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत जे हायड्रोजन आहे, त्याच्या अणुकेंद्रकांकडून येणारा रेडिओ संकेत ते ओळीओळीने नोंदवत जातं. या ओळी ज्या तक्त्यात भरल्या जातात त्याला के-स्पेस म्हणतात. तिथला एक बिंदू म्हणजे चित्रातला एक ठिपका नव्हे. तो अख्ख्या चित्राबद्दल काहीतरी सांगतो: तक्त्याच्या मध्याजवळचे बिंदू ढोबळ आकार आणि उजेड-अंधार, कडेचे बिंदू बारीक कडा आणि रेषा. तक्ता पूर्ण भरला की त्यावर फूरिए रूपांतर, म्हणजे लहरींच्या नोंदीवरून चित्र काढणारी गणिती रीत, चालवायचं आणि चित्र तयार. हे रूपांतर संगणकाला क्षणाचं काम आहे.

वेळ जातो तक्ता भरण्यात. समजा मुलाच्या पोटाचा त्रिमितीय स्कॅन करायचा आहे. एका दिशेला २५६ आणि दुसऱ्या दिशेला ८० पायऱ्या हव्यात, आणि एक ओळ नोंदवायला ४ मिलिसेकंद लागतात. २५६ गुणिले ८० म्हणजे २०,४८० ओळी, एकूण जवळजवळ ८२ सेकंद. इतका वेळ भूल दिलेल्या मुलाचा श्वास थांबवून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. ओळीमागचा वेळ कमी करायचा तर यंत्रातलं ग्रेडियंट क्षेत्र, म्हणजे जागेनुसार कमी-जास्त होणारं चुंबकीय क्षेत्र, आणखी झपाट्याने बदलावं लागतं, आणि तिथे शरीरच आडवं येतं. फार वेगाने बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने मज्जातंतू चेतवले जातात, स्नायू आपोआप उडायला लागतात. म्हणजे उरतो एकच मार्ग: ओळीच कमी नोंदवायच्या.

यातलं पहिलं मोठं पाऊल १९९० च्या दशकाअखेरीस पडलं. शरीराभोवती संकेत टिपणाऱ्या एका कॉइलऐवजी (तारेच्या वेटोळ्याऐवजी) अनेक छोट्या कॉइल ठेवल्या तर प्रत्येक कॉइल आपल्या जवळचा भाग ठळक आणि लांबचा फिका टिपते. एक ओळ सोडून एक ओळ नोंदवली की चित्र स्वतःवरच दुमडतं, पाठ पोटावर येऊन बसते. मात्र प्रत्येक कॉइलच्या चित्रात ती दुमड वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेली असते, त्यामुळे समीकरणं मांडून ती उलगडता येते. डॅनियल सोडिकसन आणि वॉरन मॅनिंग यांची १९९७ ची स्मॅश, क्लास प्रूसमन आणि त्यांच्या झुरिचमधल्या सहकाऱ्यांची १९९९ ची सेन्स, मार्क ग्रिस्वोल्ड आणि सहकाऱ्यांची २००२ ची ग्रापा, या सगळ्या याच घराण्यातल्या पद्धती. जगभरातली यंत्रं त्या रोज वापरतात.

त्यांची मर्यादाही ठरलेली आहे. माहिती एक चतुर्थांश घेतली तर संकेत आणि गोंगाटाचं गुणोत्तर किमान निम्म्यावर येतं, आणि कॉइलांची मांडणी त्यात आणखी घट करते. मोठ्या माणसाच्या गुडघ्यात हे खपून जातं. तान्ह्या मुलाच्या पित्तनलिकेत खपत नाही. तिथे अवयव इवलासा, तपशील त्याहून बारीक, म्हणजे एकेका घनठिपक्यातून येणारा संकेत मुळातच तुटपुंजा. जिथे वेगाची सगळ्यात जास्त गरज तिथेच जुन्या पद्धती लवकर थकत होत्या.

कुठल्या ओळी गाळायच्या

२००६ मध्ये इमॅन्युएल कॅन्डेस, जस्टिन रॉम्बर्ग, टेरेन्स ताओ आणि वेगळ्या वाटेने डेव्हिड डोनोहो यांनी कॉम्प्रेस्ड सेन्सिंगचं गणित मांडलं. लस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी २००७ मध्ये ते एमआरआयला लावून दाखवलं. मूळ मुद्दा समजायला कठीण नाही. फोनमधला फोटो जेपेगमध्ये साठवताना मूळ माहितीतला बराच भाग टाकून दिला जातो आणि आपल्याला फरक कळत नाही, कारण योग्य रूपात लिहिलं तर चित्रातले बहुतेक आकडे शून्याच्या आसपास असतात. वैद्यकीय चित्रं वेव्हलेट रूपात, म्हणजे लहान-मोठ्या लहरींच्या तुकड्यांत, लिहिली तर तिथेही तेच दिसतं. मग जे शेवटी टाकूनच द्यायचं, ते मुळात मोजायचंच कशाला?

अडचण अशी की कुठले आकडे महत्त्वाचे हे आधी ठाऊक नसतं. इथे ओळी निवडण्याच्या पद्धतीला महत्त्व येतं. नियमाने एकाआड एक ओळ गाळली तर दुमड पडते आणि ती खऱ्या अवयवासारखीच दिसते. ओळी विस्कळीत गाळल्या तर तीच चूक चित्रभर बारीक गोंगाटासारखी पसरते, आणि खरे ठळक आकडे त्या गोंगाटातून डोकं वर काढून उभे राहतात. ते ओळखायचे, बाकीचे दाबायचे, पुन्हा मोजलेल्या माहितीशी ताडून पाहायचे. असं करत करत चित्र बाहेर येतं.

पण नुसतं विस्कळीत असणंही पुरत नाही. बी फोकून पेरलं की कुठे दाट उगवतं, कुठे टक्कल पडतं. के-स्पेसमध्ये असं टक्कल पडलं तर कॉइलांची मदत तिथे पोचत नाही, कारण कॉइलांच्या पद्धती शेजारच्या मोजलेल्या बिंदूंवरून हरवलेला बिंदू काढतात. म्हणून या गटाने पॉइसन-डिस्क नावाची मांडणी वापरली: ओळी कुठल्याही रांगेत नाहीत, पण दोन ओळींमध्ये ठरावीक अंतर राखलेलं, आणि मधला छोटा चौकोन मात्र पूर्ण भरलेला. तो मधला भाग पुढच्या सगळ्या हिशेबाचा आधार आहे. या मांडणीने त्यांनी आठपटीपर्यंत वेग नेला. वरच्या आपल्या उदाहरणातले ८२ सेकंद आठपट वेगाने दहा-अकरा सेकंदांवर येतात. भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

स्कॅन झाला, चित्र कुठे आहे

पूर्ण भरलेल्या तक्त्यातून चित्र काढायला एक फूरिए रूपांतर पुरतं. अर्धवट तक्त्यातून काढायला तेच रूपांतर पुढे-मागे पन्नास-पन्नास वेळा करावं लागतं, प्रत्येक कॉइलसाठी वेगळं, आणि प्रत्येक फेरीत इतरही गणित. प्रयोगशाळेत सरळसोट लिहिलेल्या अशा प्रोग्रॅमला एका त्रिमितीय संचासाठी कित्येक तास लागू शकत. संशोधकाचं त्यात काही बिघडत नाही. रात्री चालू करून ठेवायचा, सकाळी निकाल पाहायचा.

रुग्णालयात सकाळपर्यंत थांबता येत नाही. रेडिओलॉजिस्टला चित्र पाहून तिथल्या तिथे ठरवायचं असतं की हा क्रम पुन्हा घ्यायचा की पुढे जायचं. श्वासाने धूसर आलंय का, पाहायचा भाग चौकटीत आलाय का, हे मूल टेबलावर असताना कळलं तर दुरुस्त करता येतं. भूल उतरल्यावर कळलं तर मुलाला पुन्हा बोलवायचं, पुन्हा उपाशी ठेवायचं, पुन्हा भूल द्यायची. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट तर थांबतच नाही. धमन्या उजळतात त्या काही सेकंदांपुरत्या, मग शिरा, मग अवयव. ती वेळ चुकली हे चार तासांनी कळून उपयोग काय? शिवाय दहा सेकंदांच्या स्कॅनला चार तासांची गणना मागे लागली की दुसऱ्या-तिसऱ्या रुग्णापर्यंत रांग तुंबते.

मर्फी आणि सहकाऱ्यांनी आपल्या निबंधात हे स्पष्टच लिहिलं: पुनर्रचनेला, म्हणजे मोजलेल्या माहितीतून चित्र उभं करायला, लागणारा अवाजवी वेळ हा कुठल्याही पद्धतीच्या रुग्णालयातल्या वापराआडचा अडसर आहे. त्यांच्या पद्धतीचं नाव एल-वन स्पिरिट. निबंध २०१२ मध्ये आयईईईच्या वैद्यकीय प्रतिमांवरच्या नियतकालिकात आला. त्यातलं गणित बाजूला ठेवलं तरी कामाची रचना शिकण्यासारखी आहे, म्हणून थोडं जवळून पाहू.

प्रत्येक फेरीत तीन गोष्टी होतात. पहिली, कॉइलांचं एकमेकींशी जुळणं. मधल्या पूर्ण भरलेल्या चौकोनावरून आधीच काढून ठेवलेलं असतं की एका कॉइलमधला कुठलाही बिंदू सगळ्या कॉइलांतल्या त्याच्या शेजाऱ्यांवरून कसा मिळतो. तो नियम आता पूर्ण तक्त्याला लावायचा. दुसरी, विरळता. सगळ्या कॉइलांची चित्रं वेव्हलेट रूपात न्यायची आणि एकेका जागी सर्व कॉइलांचे आकडे एकत्र तोलायचे. एकत्रित वजन ठरावीक उंबरठ्याच्या खाली असेल तर तिथे सगळ्यांचं शून्य, वर असेल तर थोडं कमी करून ठेवायचं. हे एकत्र तोलणं महत्त्वाचं आहे, कारण एखादी बारीक रक्तवाहिनी एका कॉइलमध्ये फिकी असली तरी सगळ्या कॉइलांत तिची जागा तीच असते. एकेकटं तोललं तर ती गळते, एकत्र तोललं तर तगते. तिसरी गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा: जे बिंदू यंत्राने खरोखर मोजले आहेत तिथे गणिताने काढलेली किंमत पुसून मोजलेली किंमत परत ठेवायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

आता ओझं बघा. आठ कॉइल असतील तर प्रत्येक कॉइलचा प्रत्येक कॉइलशी संबंध, म्हणजे ६४ नकाशे. २५६ गुणिले ८० च्या एका पातळीवर, म्हणजे त्रिमितीय चित्राच्या एका कापावर, एका फेरीत सुमारे १३ लाख गुणाकार, तेही काल्पनिक भाग असलेल्या संख्यांचे. अशा २५६ पातळ्या आणि ५० फेऱ्या धरल्या तर नुसत्या या एका पायरीत सुमारे १,७०० कोटी गुणाकार होतात. कॉइल ३२ केल्या की नकाशे ६४ वरून १,०२४ वर जातात आणि हाच आकडा सोळापट होतो.

वाट कुठे सापडली

सगळ्यात मोठी सुटका ओळींच्या रचनेतच होती. ओळी गाळल्या जातात त्या दोन दिशांना. तिसऱ्या दिशेला, ज्या दिशेने यंत्र ओळ वाचतं, तिथे काहीच गाळलेलं नसतं, कारण ओळ वाचायला सुरुवात झाली की तिच्यातले बिंदू जवळजवळ फुकट मिळतात. त्या दिशेने आधीच एक साधं फूरिए रूपांतर केलं की एक अवाढव्य त्रिमितीय कोडं शेकडो छोट्या द्विमितीय कोड्यांत फुटतं, आणि ही कोडी एकमेकांवर मुळीच अवलंबून नसतात. शंभर कामगार मिळाले तर शंभरांना वाटून देता येतात.

दुसरी सुटका पहिल्या पायरीत. शेजारच्या बिंदूंवरून बिंदू काढण्याचं काम के-स्पेसमध्ये केलं तर प्रत्येक बिंदूभोवतीची खिडकी सरकवत फिरावं लागतं. तेच काम चित्राच्या बाजूला नेलं की साध्या ठिपक्याला ठिपका गुणाकारात बदलतं. ग्राफिक्स प्रोसेसर, म्हणजे जीपीयू, हे नेमकं याच कामात पटाईत. खेळांची दृश्यं रंगवायला बनवलेल्या या चिपा २००७ नंतर सामान्य गणितासाठी वापरता येऊ लागल्या होत्या. बर्कलीच्या गटाला समांतर गणनेवरचं संशोधन खऱ्या, गरजेच्या कामावर लावून बघायचंच होतं.

जीपीयू लावला आणि काम झालं, इतकं ते सरळ नव्हतं. वरच्या उदाहरणात आठ कॉइलांचे एका पातळीचे नकाशे मिळून दहा एमबीच्या आसपास जागा घेतात. त्या काळच्या प्रोसेसरची जलद स्मृती, म्हणजे कॅश, काही एमबींचीच. प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याला (कोअरला) स्वतंत्र पातळी दिली तर कुणी कुणासाठी थांबत नाही, पण सगळे मिळून कॅश उतू जाते आणि प्रोसेसर मुख्य स्मृतीकडून आकडे येण्याची वाट पाहत बसतो. उलट सगळ्या गाभ्यांना एकाच पातळीवर लावलं तर कॅश पुरते, पण प्रत्येक पायरीला सगळ्यांनी एकमेकांसाठी थांबायचं, त्यात वेळ जातो. कुठलं धोरण बरं हे प्रोसेसर कोणता, चित्राचा आकार किती आणि कॉइल किती यावर ठरतं. गटाने बहुगाभ्यांच्या सीपीयूसाठी आणि अनेक जीपीयूंसाठी अशा दोन्ही आवृत्त्या लिहिल्या आणि हा तोल शोधला. असलं काम शोधनिबंधाच्या शीर्षकात फारसं चमकत नाही. पण मूल टेबलावर असताना चित्र मिळालं ते याच कामामुळे, म्हणून मला या भागाबद्दल विशेष आदर आहे.

फळ काय मिळालं? २०११ मध्ये गटाने दोन वर्षांच्या अनुभवाचा गोषवारा प्रसिद्ध केला. आठ कॉइलांच्या माहितीतून त्रिमितीय चित्र एका मिनिटाच्या आत तयार होत होतं, तेही स्कॅनच्या ओघातच. कॉइल वाढल्यावर ओझं वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यावरचा उपाय म्हणजे कॉइल-संकोच: ३२ कॉइलांची माहिती एकमेकींत बरीचशी पुनरावृत्त असते, ती गणिताने मोजक्या आभासी कॉइलांत गोळा करायची आणि पुढचा सगळा हिशेब तेवढ्यांवरच चालवायचा. या गटातल्या लोकांनी २०१३ मध्ये त्याची सुधारित रीतही मांडली.

डॉक्टरांनी काय पाहिलं

संगणकाच्या वेगाला अर्थ कधी, तर चित्र विश्वासार्ह असेल तेव्हा. वासनवाला आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० मध्ये रेडिओलॉजी या नियतकालिकात आला. जन्मल्यापासून सतरा वर्षांपर्यंतचे ३४ रुग्ण, हृदय-रक्तवाहिन्या, पोट आणि गुडघा यांचे स्कॅन. एकाच कमी केलेल्या माहितीतून दोन चित्रं काढली, एक प्रचलित समांतर, म्हणजे अनेक कॉइलांवर आधारलेल्या, पद्धतीने आणि एक नव्या पद्धतीने. दोन रेडिओलॉजिस्टांनी त्यांना गुण दिले. नव्या पद्धतीची चित्रं जास्त वेळा पसंत पडली, गुणवत्तेत वरचढ ठरली आणि त्यांत शरीररचना अधिक स्पष्ट दिसली.

हा निकाल कुठे थांबतो, तेही पाहायला हवं. तुलना दोन पुनर्रचनांची होती. आठपट माहितीचा संथ स्कॅन त्या मुलांचा केला असता तर आणखी काय दिसलं असतं, हे त्यातून कळत नाही. अर्थात आजारी मुलाला तुलनेपुरतं ताटकळत ठेवणं बरोबर नाही, आणि तो संथ स्कॅन श्वासाने बिघडलाच असता. मर्यादा खरी, पण ती निष्काळजीपणाची नाही.

पद्धतीचे स्वतःचे दोषही आहेत. उंबरठा जास्त ठेवला की यकृताचा बारीक पोत घासून काढल्यासारखा गुळगुळीत दिसतो, आणि फिकट, लहान डाग त्याच गुळगुळीतपणात विरून जाऊ शकतो. उंबरठा कमी ठेवला की गोंगाट राहतो. जुन्या पद्धतींच्या चुका दुमडीच्या रूपात यायच्या, त्या अनुभवी डोळ्याला लगेच ओळखू येतात. या पद्धतीच्या चुका सभ्य दिसतात, आणि म्हणून त्या पकडायला डोळा नव्याने तयार करावा लागतो. रेडिओलॉजिस्ट पहिल्या दिवसापासून गटात होता, हे या प्रकरणाचं मोठं बळ आहे असं मला वाटतं. कुठल्या धूसरपणाने निदान अडतं आणि कुठल्याने नाही, हे संगणकवाल्यांना एरवी कोण सांगणार होतं?

पुढे काय झालं

२०१७ पासून मोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्रेस्ड सेन्सिंगच्या सोयींना एफडीएची मंजुरी मिळू लागली, आणि प्रयोगशाळेतली ही गोष्ट विकत घेता येणारी झाली. त्याच सुमारास दुसरी लाट आली. वेव्हलेटचा उंबरठा माणसाने ठरवण्याऐवजी हजारो जुन्या चित्रांवरून न्यूरल नेटवर्कला शिकवायचा. ग्राट्झच्या केर्स्टिन हॅमरनिक आणि सहकाऱ्यांचं २०१८ चं व्हेरिएशनल नेटवर्क हे त्याचं चांगलं उदाहरण. त्यातही फेऱ्या आहेत, मोजलेल्या माहितीशी ताडणं आहे, फक्त फेऱ्या मोजक्या आणि प्रत्येक फेरीतला गाळ काढण्याचा नियम शिकलेला. सगळी जड मेहनत प्रशिक्षणात एकदाच होते आणि रुग्णाच्या वेळी काम काही सेकंदांत आटोपतं. गणनेचं ओझं पुन्हा जागा बदलतं, यावेळी रुग्ण येण्याच्या आधीच्या काळात जातं.

२०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र आणि फेसबुकची संशोधन शाखा यांनी फास्टएमआरआय प्रकल्प सुरू केला आणि दीड हजारांहून अधिक गुडघ्यांच्या स्कॅनची कच्ची माहिती सगळ्यांसाठी खुली केली. या प्रकल्पात पुन्हा सोडिकसन होते, १९९७ च्या स्मॅशवाले.

या लाटेबद्दल सावधही राहायला हवं. २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात वेगार्ड आंतुन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शिकलेली काही नेटवर्क माहितीतल्या अगदी किरकोळ, मुद्दाम केलेल्या बदलाने चित्रात मोठी विकृती आणतात, आणि लहानसा रचनात्मक बदल कधी पुसूनही टाकतात. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात पारंपरिक कॉम्प्रेस्ड सेन्सिंगही अशा हल्ल्यांपुढे अभेद्य नाही असं दिसलं. म्हणून जुनं ते सुरक्षित असं म्हणून सुटका नाही. मी स्वतः कुठलीही नवी पद्धत पाहताना आधी हे बघतो की प्रत्येक फेरीत मोजलेली माहिती परत ठेवली जाते का. पालो आल्टोच्या पद्धतीत ती तिसरी पायरी होती. ज्या पद्धती धूसर चित्र घेऊन फक्त सुबक चित्र बाहेर देतात आणि कच्च्या माहितीकडे परत वळतच नाहीत, त्यांच्याबद्दल मला भरवसा वाटत नाही, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. शिकवणीची चित्रं बहुतेक मोठ्या माणसांची असतात. सहा महिन्यांच्या बाळाचं यकृत त्या नेटवर्कने कधी पाहिलेलंच नसतं.

यातून आपल्याकडे थेट लागू होणारी एक गोष्ट निघते, ती कच्च्या माहितीची. मुंबईत पवईला आयआयटीच्या आवारात असलेली समीर ही केंद्र सरकारची संस्था १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) स्वदेशी एमआरआय यंत्र विकसित करते आहे, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सबरोबर त्याच्या चाचणीसाठी करार झाला. विकत आणलेल्या यंत्रात पुनर्रचनेचा भाग बहुधा बंद पेटीसारखा असतो. रुग्णालयाला तयार चित्रं मिळतात आणि के-स्पेसची नोंद थोड्याच काळात पुसली जाते. आपण घडवत असलेल्या यंत्रात ही पेटी उघडी ठेवता येईल. बर्कलीच्या परंपरेतून आलेला बार्टसारखा पुनर्रचनेचा सॉफ्टवेअर-संच खुला आहे, कुणीही उतरवून चालवू शकतं. वर घेतलेल्या उदाहरणात आठ कॉइल आणि आठपट वेग धरला तर मोजलेली कच्ची माहिती ४२ एमबीच्या आसपास भरते. एवढी जागा साध्या फोनमधल्या दहा-बारा फोटोंना लागते. ती राखून ठेवली तर पाच वर्षांनी चांगली पद्धत हाती आल्यावर त्याच मुलाचा तोच स्कॅन नव्याने उलगडून पाहता येईल, त्याला पुन्हा भूल न देता.